फाईल विरारला, आई रत्नागिरीत

मे महिन्यात मुलगा आईला मुंबईला नेतो. तिथे रक्त तपासतात, ईसीजी निघतो, बीपी आणि साखरेच्या गोळ्या सुरू होतात. पावसाच्या तोंडावर आई गावी परतते आणि फाईल विरारच्या कपाटात राहते. आषाढात तिला चक्कर येते. शेजारीण तिला एसटीने रत्नागिरीला नव्या डॉक्टरांकडे घेऊन येते. डॉक्टर विचारतात, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" आई सांगते, "सकाळची बारकी पांढरी, रात्रीची लांबट."

यावर कुठला डॉक्टर काय करणार? सगळ्या तपासण्या पुन्हा लिहून देतो. पैसे पुन्हा जातात, दिवस पुन्हा मोडतो.

आई पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढते खरी, पण तीही अर्धी कापलेली. औषधवाल्याने दहातल्या चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या; नाव आणि मुदतीची तारीख उरलेल्या सहांबरोबर दुकानातच राहिली. माझं औषधवाल्यांना सांगणं आहे, चार द्या, पण नावाचा भाग गिऱ्हाइकाला द्या. तेवढं जमत नसेल तर पाकिटावर पेनाने नाव लिहा.

नव्या रुग्णाने पहिल्या भेटीत भरपूर वेळ मिळेल असं धरून जाऊ नये. 2017 साली 67 देशांच्या आकडेवारीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्राथमिक उपचारांसाठी भारतात डॉक्टर एका रुग्णाला देतात तो वेळ सरासरी दोन मिनिटांच्या आसपास निघाला. सिव्हिलमध्ये 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, हे फार चांगलं झालं. पण रांग आहे, आणि रांगेच्या शेवटी तीच दोन मिनिटं आहेत. त्यातलं एक मिनिट गोळ्या ओळखण्यात घालवायचं का?

उरलेलं मिनिट सोबत आलेली माणसं खातात. प्रश्न आईला असतो, उत्तर सून देते. "काही नाही हो, जेवतच नाही धड." आईला रात्री दम लागतो, हे सुनेला ठाऊकच नसतं. सोबत जरूर जा, पण तिला आधी बोलू द्या.

डॉक्टरांनीही विचारायला हवं, आणि इथलं विचारायला हवं. पावसाळ्यात ताप घेऊन आलेल्या माणसाला "लावणीला चिखलात उतरला होतात का, पायाला जखम आहे का?" हा प्रश्न पहिला हवा. कोकणात लेप्टो आहे आणि तो वेळेत ओळखला नाही तर माणूस दगावतो. मोहोराच्या दिवसांत डोकं दुखतं, मळमळतं म्हणणाऱ्या गड्याला हापूसच्या बागेत फवारणी केली का, ते विचारा. बीपी वाढलेल्या मावशींना सुकटीबद्दल, खारवलेल्या मासळीबद्दल विचारा. डॉक्टरांनी नाही विचारलं, तर आपणहून सांगा.

आणखी एक. "आज डॉक्टरांकडे जायचंय" म्हणून सकाळची बीपीची गोळी चुकवणारे घरोघरी आहेत. मग बीपी चढलेलं दिसतं आणि डोस वाढतो. वेगळं सांगितलं नसेल तर रोजची गोळी घेऊनच निघा. रक्त द्यायला उपाशीपोटी यायचं का, तेही आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या.

कागद मागायला लाजण्याचं कारण नाही. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं 3 वर्षं जपायची असतात आणि मागितली की 72 तासांत द्यायची असतात. औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत आणि मूळ नावाने लिहायची, ही दुरुस्ती 2016 मध्ये आली. चिठ्ठी वाचता येत नसेल तर तिथेच, खुर्चीवरून उठायच्या आत विचारा.

आणि विरारच्या चिरंजीवांनो, ती फाईल आज रात्री कपाटातून काढा. शेवटची चिठ्ठी, ईसीजी आणि रक्ताचा रिपोर्ट, तिन्हींचे फोटो शेजारणीच्या मोबाईलवर पाठवा. गणपतीला याल तेव्हा मूळ कागद आईच्या हातात द्या.