आजीच्या फोनवरचं स्टिकर

अहो, ऐकलंत का? तिसरीतल्या त्या लेकराचं स्टिकर म्हणे पार उसाच्या फडावर जाऊन पोचलं! जरा इकडं सरका, त्याची आजी केदारेश्वराला गेलीय, येईल इतक्यात.

फोटो तर तुम्ही बघितलाच असेल. कुणी नाही बघितला सांगा! बारशाच्या जेवणात ते लेकरू रडत बसलं होतं, नाक वाहतंय, हातात अर्धी पुरी. तेवढ्यात पाचवीतल्या त्या शहाण्यानं आईच्या फोनवर टिपलं अन् त्याचं स्टिकर केलं. वर लिहिलं काय, तर ‘आई पाहिजे’. आता आई-बाप दिवाळी झाल्या झाल्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेत हे का त्याला माहीत नव्हतं? सगळ्या गल्लीला माहीत! अन् टाकलं कुठं, तर शाळेच्या अभ्यासाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथं पोरं कमी अन् आपण बायाच जास्त. लेकरं एकवेळ गप्प राहिली, पण पहिले तीन हसरे चेहरे कुणाचे होते... जाऊ द्या, माझ्या तोंडून नाव नको.

तर काय सांगत होते... हं, फड. टोळीतल्याच कुणाच्या तरी फोनवर ते गेलं, त्यानं गंमत म्हणून कोपीत दाखवलं. कुणाला? त्या लेकराच्या आईलाच की हो! तिनं त्याच रात्री फोन लावला, तर लेकरू फोनवर येईना. आजी म्हणाली, गोधडी डोक्यावरून घेऊन पडलंय. मुकादमाची उचल फिटल्याशिवाय ती माय तिकडून हलणार कशी?

मग पालकसभा झाली. काय रंगली म्हणता! त्या शहाण्याची आई नवी पैठणी नेसून आलेली. म्हणते, “आम्ही लगेच डिलीट फॉर एव्हरीवन केलं, विषय संपला.” शाळेतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “ज्यांनी ते स्टिकर सेव्ह करून ठेवलं, त्यांच्या फोनमधून कसं जाईल?” बघण्यासारखा चेहरा झाला होता तिचा. पदराशी चाळा सुरू.

तेवढ्यात मागून किराणावाले उठले. म्हणे, पुसदकडच्या बांशी गावानं 2022 साली ठराव करून 18 वर्षांखालच्यांना मोबाइल बंद केला, आपणही करू. दुसरे म्हणाले, सांगलीकडं मोहित्यांचं वडगाव आहे, तिथं संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो अन् साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, तसं करू. माना डोलायला लागल्या. अन् ती आजी, जी कधी तोंड उघडत नाही, ती उभी राहिली. “वडगावाकडं ऊस तोडायला आपलीच माणसं जातेत ना? माझी सून दिवसभर मोळ्या बांधती, आठाच्या सुमाराला तिला फोन सुचतो. तुम्ही बंद केला, तर लेकरानं आईशी बोलावं कवा?” अहो, एकेकाचं तोंड असं पडलं! किराणावाले खाली बसले ते चहा येईपर्यंत वर बघेनात.

मला विचाराल तर आजीचंच बरोबर. वडगावच्या घराघरांत आई समोर बसलेली असते, त्यांना भोंगा शोभतो. आपल्या बीडमधल्या कितीतरी लेकरांची आई सहा महिने फोनमध्येच असते. तो काढून कसा घ्यायचा? वापरायलाच शिकवायला पाहिजे.

अन् बाईंनी शिकवलं बरं का! दुसऱ्या दिवशी तिसरी ते पाचवीची पोरं पटांगणात काढली, तळपायाला रांगोळी लावून फरशीवरून चालवली. गौरीच्या पावलांसारखी पावलं उमटली सगळीकडं. मग म्हणाल्या, पुसा. पोरांनी फडक्यानं चकाचक पुसली. बाईंनी आपला फोन पुढं धरला, त्यात पावलांचा फोटो! “आता ही पुसून दाखवा.” पाचवीतला शहाणा म्हणे पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग बाईंनी एवढंच विचारलं, “रडणारं लेकरू दिसलं तर आधी काय करायचं?” एक चिमुरडी म्हणाली, “पाणी द्यायचं.” फोटो कुणाचाही काढायचा तर आधी त्याला विचारायचं, अन् कुणी त्रास दिला तर घरी सांगायचं, नाहीतर 1098 ला, हेही सांगितलं म्हणे. पण पोरांच्या ध्यानात राहिलं ते पाणीच.

आता व्हॉट्सॲपच म्हणतं 13 वर्षांखाली खातं नको. पण इथं खातं आजीचं, बोट नातवाचं! 2023 च्या त्या डेटाच्या कायद्यातही 18 वर्षांखालच्या लेकराची माहिती घ्यायला पालकांची परवानगी हवी, असं लिहिलंय. छान आहे कायदा. पण लेकराला आंघोळ घालतानाचे फोटो स्टेटसला ठेवणारी आपल्या गल्लीत कोण? परवानगी देणारे तेच, टाकणारेही तेच!

मला तर तो नेवासा तालुक्यातला सौंदाळा आवडला. 2024 च्या नोव्हेंबरात ग्रामसभेनं ठरवलं, आई-बहिणीवरून शिवी दिली की 500 रुपये दंड. पोरांना संध्याकाळी 7 ते 9 मोबाइल नको असंही ठरवलं म्हणे, पण दंडाची सुरुवात मोठ्यांच्या तोंडापासून केली, हे खरं! आपल्याकडं एकेका हसऱ्या चेहऱ्याला 500 लावले असते ना, तर शाळेची नवी कमान झाली असती.

बरं, पैठणीवाली काल लेकाला घेऊन आजीकडं गेली होती. पोरानं आपली सायकल दिली त्याला दिवसभर. तिनं मात्र चहा घेतला नाही, उंबऱ्यातूनच परतली. घेतला असता तर काय बिघडलं असतं?

अहो, थांबा, कुठं निघालात? ते तीन हसरे चेहरे... दुसरा तुमचा होता म्हणे. मी कुणाला बोलले नाही. पण ते स्टिकर तुमच्या फोनमध्ये असेल, तर आत्ता माझ्यासमोर काढा. अन् संध्याकाळी आजीकडं जाल, तेव्हा चहा घ्या.