दुसऱ्या गिअरचा पत्ता

आमची प्रीमियर पद्मिनी 1974 सालची. पन्नाशी उलटलेल्या गाडीला सरकार 'विंटेज' म्हणतं, 2021 पासून तसा नियमच आहे. आमच्या घरी तिला 'डबडं' म्हणतात. यासाठी सरकारी नियम लागला नाही.

गाडी घडली कुर्ल्यात, पण तिचं माहेर सोलापूर. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद 1882 मध्ये इथंच जन्मले. ज्या गावात आज नळाला रोज पाणी येत नाही, तिथला हा माणूस 1919 साली जहाजांच्या धंद्यात पडला, 1940 साली बंगळुरात विमानांचा कारखाना उभारला आणि मग मोटारींकडे वळला. तेव्हा आमची गाडी म्हणजे माहेरवाशीण. माहेरवाशिणीचं कौतुक करायचं असतं, तेवढं आम्ही केलं. ग्रीस मात्र घातलं नाही. त्यामुळे पुढं जे झालं त्याचा दोष गाडीचा नाही, माहेरच्यांचा आहे.

हिचा गिअर खाली जमिनीत नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला डावीकडून लटकलेला. दांडी आपल्याकडे ओढली किंवा पलीकडे ढकलली की रांग ठरते, वर-खाली केली की त्या रांगेतला गिअर पडतो. ही हालचाल सळया आणि बुशांच्या हाती हाती गिअरबॉक्सपर्यंत पोचते, आणि वाटेत प्रत्येक बुश आपलं कमिशन कापून घेतो. शिवाय ही दांडी म्हणजे तरफ. आखूड टोकाला मिलिमीटरभर झीज झाली, तर मुठीपाशी सेंटिमीटरभर खेळ. आमच्या मुठीपाशी वीतभर होता. आत काय काय झिजलं असेल, याचा हिशेब मी टाळत आलो होतो.

पण हात शहाणा असतो. दुसरा गिअर कुठं राहतो ते माझ्या हाताला पाठ होतं. गुडघ्याच्या दिशेनं खाली, मग किंचित रेडिओकडे, तिथं थोडं थांबायचं, 'हं' म्हणायचं, की पडला. हा पत्ता दुसऱ्या कुणालाच सापडायचा नाही. मेहुण्यानं एकदा प्रयत्न केला आणि तीनदा रिव्हर्स टाकून रिक्षानं घरी गेला. गाडीला मी कधी कुलूप लावलं नाही.

मग एका दुपारी सात रस्त्यावर, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधोमध, गिअर अडकला. मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि हातानं सळी ओढली. मागून आवाज आला, "ओ मालक, गाडी चालवलालाव का ताक घुसळलालाव?" सोलापुरात मालक म्हणून हाक आली, की पुढं अपमान येतो हे गृहीतच असतं.

पद्मिनीच्या टॅक्स्याही ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. नवा भाग कुणाकडे मागणार? शेवटी अशोक चौकाच्या बाजूच्या एका लेथवाल्याकडे गेलो. तो यंत्रमागांचे बुश करतो. दिवसभर आपटणाऱ्या यंत्रांची झीज बघून बघून त्याला झिजेचं काही वाटेनासं झालं आहे. तेलुगूत पोराला काहीतरी सांगून त्यानं दांडी सोडवली, पिन काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मधे एवढी बारीक झालेली, की चोखून संपत आलेली श्रीखंडाची गोळी वाटावी. पिनेचं भोक गोल उरलंच नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं.

"मालक, यात पिन नाही बसत. यात कोंबडी बसती."

मग त्यानं भोक मोठं करून गोल केलं, गनमेटलचा बुश लेथवर उतरवला आणि हातोडीनं न मारता व्हाइसमध्ये दाबून बसवला. दांडीच्या खाल्लेल्या टोकाला पितळ चढवलं. मग टोकाला चिमणीची काजळी फासली, खाचेत बसवून फिरवलं, काढलं. जिथली काजळी पुसली गेली तिथं कानस दोनदा ओढली. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. असं अकरा वेळा. शेवटी काजळी सगळीकडून सारखी पुसली गेली, तेव्हा कुठं तो पुन्हा बोलला, "चहा सांग रे."

बिल झालं 650 रुपये. मी गाडी सुरू केली, पहिला टाकला, निघालो. सवयीनं हात गुडघ्याकडे, मग रेडिओकडे, थांबलो, 'हं' म्हटलं. काही नाही! दुसरा तिथं राहतच नव्हता. तो सरळ खाली, दोन बोटांवर, कंपनीनं 1974 साली ठेवला होता तिथं परत गेला होता. गाडीनं आचके दिले. लेथवाला दारातून ओरडला, "मालक, गाडीचा खेळ काढलो मी. तुमच्या हाताचा कोण काढणार?"

संध्याकाळी पोरगी म्हणाली, "बाबा, चावी द्या, मी बघते." मी उदार मनानं दिली आणि तमाशा बघायला शेजारी बसलो. तिनं पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. होटगी रोडला चौथ्यात पोचलो तेव्हा ती गाणं गुणगुणत होती. पन्नास वर्षांची घराण्याची विद्या 650 रुपयांत गेली.

मी डावीकडे गप्प बसलो होतो. हात आपोआप गुडघ्याकडे गेला, तिथून हवेतल्या हवेत रेडिओच्या दिशेनं. थोडा थांबलो. 'हं' म्हटलं.

पडला.