चारचाकीतले वैराग्य

देहाची आसक्ती सुटायला भल्याभल्यांचे आयुष्य खर्ची पडते. आपल्याकडच्या चारचाकीवाल्याची ती शोरूममध्येच सुटते. पंधरा लाखांची गाडी घेताना हा सज्जन जे जे मागतो, ते बहुतेक सगळे दुसऱ्यांसाठी असते. सनरूफ सोसायटीतल्या लोकांसाठी. अलॉय व्हील सिग्नलला शेजारी उभ्या राहणाऱ्यासाठी. पांढरा रंग तर सात वर्षांनी ही गाडी सेकंडहँड घेणाऱ्या, अजून तोंडही न पाहिलेल्या माणसासाठी. कारण ‘रिसेलला पांढराच बरा पडतो’. स्वतःपुरता तो एकच प्रश्न विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ गाडी ठोकली तर काय होते, असले अभद्र विचारायची आपल्यात पद्धत नाही.

मजबुतीची परीक्षा मात्र तो घेतो. बॉनेटवर अंगठा दाबतो, दार धाडकन लावून कान देतो आणि निकाल जाहीर करतो, ‘पत्रा जाड आहे.’ मर्सिडीजमधल्या बेला बारेन्यी नावाच्या इंजिनिअरने उलटेच खूळ काढले होते. गाडीचे नाक आणि शेपूट टकरीत चुरगळलेच पाहिजे, म्हणजे धक्का तिथेच जिरतो आणि माणसे बसतात तो मधला पिंजरा शाबूत राहतो, असे त्याचे म्हणणे. तशी गाडी १९५९ मध्ये रस्त्यावर आलीही. जर्मनांना गाडी चुरगळलेली चालते, आपला जीव तुटतो. म्हणून आपण पुढे लोखंडी गार्ड ठोकून घेतो. धक्का मग वाटेत कुठे न सांडता थेट आतल्या मंडळींपर्यंत पोचतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचाही गोंधळ उडतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने या गार्डवर बंदी आणली. बंदी अजून आहे, गार्डही आहेत. दोघांचे छान जमले आहे.

त्याच १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी तीन ठिकाणी अडकणारा, खांदा आणि कंबर दोन्ही धरून ठेवणारा पट्टा गाडीत बसवला. कंपनीने पेटंट सगळ्या जगाला खुले केले, दमडी घेतली नाही. जीव वाचवणारी गोष्ट अशी फुकट वाटली की तिची किंमत राहत नाही हे त्या भाबड्या स्वीडिश लोकांना कोण सांगणार? आपण निदान ती चूक करत नाही. पट्टा गाडीबरोबर आपोआप येतो, पण पट्ट्यापासून सुटका करणारी क्लिप आपण रोख पैसे मोजून घेतो.

ज्यांना ही क्लिप ठाऊक नाही, अशा मागासलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोघांनी पट्टा लावला नाही तर टुंग टुंग सुरू होते. बायको, आई, साहेब या सगळ्यांची बोलणी शांतपणे ऐकून घेणारा माणूस या टुंग टुंगने मात्र हैराण होतो. मग पट्ट्याच्या टोकाला असते तशी धातूची नुसती जीभ बाजारातून आणायची आणि बक्कलात खुपसायची. गाडीला वाटते साहेबांनी पट्टा लावला. पंधरा लाखांच्या कॉम्प्युटरला किरकोळ तुकड्याने बनवल्याचा आनंद वेगळाच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला तो पाहवला नाही. २०२३ मध्ये त्यांनी पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विकायला मनाई केली आणि संकेतस्थळांवरच्या १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. काही विक्रेते हाच माल बाटलीचे ओपनर म्हणून विकत होते, असेही तेव्हा बाहेर आले. वाहन चालवताना लागणाऱ्या दोन्ही गोष्टींचा विचार एकाच वस्तूत करणारा तो कारागीर कोण असेल, त्याचा सत्कार अजून झालेला नाही.

ज्यांच्याकडे क्लिप नाही, ते परंपरागत मार्गाने जातात. चौकात मामा दिसला की पट्टा उपरण्यासारखा खांद्यावर घ्यायचा, मामा मागे पडला की सोडून द्यायचा. हजार रुपयांचा दंड वाचतो. कुणी टोकलेच तर उत्तर तयार असते : ‘अहो, इथंच तर जायचंय!’ अपघात फक्त लांबच्या गावाला निघालेल्यांचे होतात, हे आपल्या आळीत सर्वमान्य आहे.

मागच्या सीटवर तर वैराग्याची परमावधी. तिथे कायद्याने पट्टा सक्तीचा आहे ही बातमी बऱ्याच जणांना सप्टेंबर २०२२ मध्ये कळली. त्या महिन्याच्या ४ तारखेला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागे बसले होते, पट्टा नव्हता. मग घरोघर मागचे पट्टे शोधण्याची मोहीम निघाली. बहुतेक ठिकाणी ते नव्या सीट कव्हरखाली, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या अवस्थेत सापडले. १ नोव्हेंबरपासून मुंबईत सगळ्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा होईल, असे पोलिसांनी जाहीर केले. नोव्हेंबर आला, लग्नसराई आली, मागे तिघांच्या जागेत पाच जण बसू लागले आणि पट्टे परत कव्हरखाली गेले. त्या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसे मेल्याची सरकार दरबारी नोंद आहे. चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. घरचे आणि पाहुणे यांच्यात आपण डावे-उजवे करत नाही, हे आकड्यांतूनही दिसते.

मुलांच्या बाबतीत आपण आणखी उदार. लेकरू पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर, कारण त्याला ‘समोरचं दिसलं पाहिजे’. मोठे भावंड सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर. मांडीवरच्या बाळासमोर डॅशबोर्डच्या आत एअरबॅग असते. ती पापणी लवायच्या आत, ताशी तीनशेच्या आसपास वेगाने बाहेर येते. तिच्या नेमक्या झाकणावर आपण डबल टेपने गणपती चिकटवतो. विघ्नहर्त्याला विघ्नाच्या अगदी उगमावर बसवण्याची ही योजना धार्मिकदृष्ट्या बिनचूक आहे. लहान मुलांसाठी वेगळी खुर्ची मिळते, पण तिला काही हजार पडतात आणि ‘दोन वर्षांत मूल मोठं होतं’. खर्च टिकाऊ गोष्टीवर करावा. उदाहरणार्थ, मुंबई-पुण्यात ०००१ हा नंबर घ्यायचा तर २०२४च्या दरपत्रकाप्रमाणे सहा लाख रुपये. तो नंबर मोठा होत नाही.

नंबरावरून नावाकडे येऊ, कारण गाडी ही मुळात नाव लावायची जागा आहे. ८०५५ हे आकडे इंग्रजीत जरा वळवून लिहिले की ‘बॉस’ दिसते, ४१४१ ला थोडी शेपटी काढली की ‘दादा’. प्रत्येक दादामागे एक कथा असते : कुणाला गल्लीत म्हणत, कुणाला कॉलेजात, कुणाला कुणीच म्हणत नसे म्हणून प्लेटवर लिहून घ्यावे लागले. उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली आणि या साहित्यप्रकारावर संक्रांत आली. जुन्या गाड्यांच्या मालकांनी मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळवत चिवट लढा दिला. आता बरेचसे दादा इंटरनेटवर स्थलांतरित झाले आहेत. ‘घाटाचा राजा’, ‘टर्बो पाटील’, ‘वाघ ८०५५’ अशा नावांनी तिथे ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोलत असतात, आणि गंमत म्हणजे बोलतात सुरक्षेवर.

कारण सुरक्षा आता दिसू लागली आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या चाचणी संस्थेने आपल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, पाचांनाही मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले, आणि खपावर ओरखडा उठला नाही. शून्य तारे मिरवता येत नाहीत. २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच मिळाले, २०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झाले, आणि तारे ही मागच्या काचेवर चिकटवण्याजोगी वस्तू झाली. ‘टर्बो पाटील’ आता समोरच्याच्या तीन-तारांकित गाडीला पत्र्याचा डबा म्हणतो. हे तारे मिळाले त्या चाचणीत आतल्या पुतळ्यांनी पट्टे लावलेले असतात, हा तपशील तो सोडून देतो. पुतळेच ते, त्यांना कुठे इथंच जायचे असते?

परवा ‘वाघ ८०५५’ने कळवले की त्याने सहा एअरबॅगवाले टॉप मॉडेल घेतले, घरच्यांच्या जिवापेक्षा पैसा मोठा नाही. सगळ्यांनी अभिनंदन केले. त्या सहांतल्या दोन एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेतूनच फुटून बाहेर येतात. त्याचा पुढचा प्रश्न होता, सीट पूर्ण झाकेल असे जाड लेदरचे कव्हर पुण्यात कुठे चांगले शिवून मिळेल? दहा मिनिटांत ढीगभर पत्ते आले. एकाने तर ‘कडेला डबल शिलाई मागून घ्या, उसवत नाही’ असेही आवर्जून सांगितले.