बियरला धणे

पुणेकराने खास बियर प्यायला मुंबईला जावं, ही गोष्ट पुण्यात चारचौघांत सांगण्यासारखी नाही. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी आमच्याकडे निघाली, २००९ साली, 'डूलाली' नावाची. मुंबईला स्वतःची मिळायला २०१३ उजाडलं. मधली चार वर्षं हा मुद्दा आम्ही पुरवून पुरवून वापरला. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'बार्किंग डिअर'ने मुंबईची उधारी फेडली. ते पुढे बंद पडलं, पण आवाराला चटक लागली ती लागलीच. आता तिथे 'टॉइट' आहे, मूळची बंगळुरूची, आणि मुंबईत माझं काहीही काम निघालं तरी ते कसं कोण जाणे लोअर परळच्या वाटेवरच येतं.

या खेपेला बरोबर आतोबा होते. आत्या लालबागला राहते. आतोबा मूळचे मालवणकडचे, आयुष्य गिरणीच्या साचेखात्यात गेलेलं, आणि घरात दुपारी टीव्हीवरून आत्याशी वाद घालण्यापलीकडे उद्योग उरलेला नाही. "ह्येका घेऊन जा रे खंयतरी," आत्या म्हणाली. कुठे जाणार ते मी सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. तेव्हा आतोबांनी कपाटातून रेशन कार्डाची प्लास्टिकची पिशवी काढली आणि रेशन कार्डाखालून सरकारी परवाना.

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे आपल्यातले बहुतेक लोक पिता पिता विसरले आहेत. १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे. परवाना एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला आणि आजीवन हजाराला. आतोबांनी पंच्याहत्तरी उलटल्यावर आजीवन काढला. दहा वर्षांत पैसे वसूल होतात, असा त्यांचा हिशेब. शिवाय सरकार हा परवाना प्रकृती टिकवण्यासाठी म्हणून देतं. आत्याला औषधाच्या बाबतीत फार बोलता येत नाही. आम्ही सुटलो.

करी रोडचा पूल ओलांडून आम्ही ना. म. जोशी मार्गाला लागलो. आतोबा अजून त्याला डिलाईल रोडच म्हणतात. ज्या जोशींनी १९२० मध्ये आयटक उभी करायला हातभार लावला, त्यांच्या नावाच्या रस्त्याने आज गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं कॉफीचे पेले घेऊन धावतात. आतोबा प्रत्येक काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून तिच्या जागी काय होतं ते सांगत होते. इथे चिमणी, इथे कँटीन, इथे उधारीचं दुकान. एका बँकेच्या दारात थांबून म्हणाले, "हय मुतारी होती." वॉचमनने आमच्याकडे संशयाने पाहिलं.

'टॉइट'मध्ये शिरल्याशिरल्या आतोबांना गारवा झोंबला. साचेखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत; माणूस घामाने निथळला तर तो त्याचा प्रश्न. "हय तर माणसांका जपतत," ते म्हणाले आणि खुर्चीत रेलले.

मी आपला गव्हाची बियर घेणारा. गढूळ, वर जाड फेस, आणि पिकल्या केळ्याचा वास. तो वास केळ्याचा नसतो, यीस्टचा असतो, हे मी आतोबांना समजावत होतो. पण त्यांची नजर मेनूतल्या बासमतीच्या बियरवर अडकली होती. "मेल्या, बासमतीची बियर? आमच्यात बासमती चवथीक सुद्धा मोजून शिजता!" ती नाकारून त्यांनी बेल्जियन पद्धतीची मागवली. ग्लास आला. त्यांनी तो आधी नाकाखाली धरला, एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि डोळे मिटले.

"धणे आसत ह्येच्यात."

मी हसलो. लालबागच्या मसाला गल्लीशेजारी उन्हाळेच्या उन्हाळे काढलेल्या माणसाला कशातही धणे दिसणार. पण शेजारून जाणारा दाढीवाला तरुण थबकला. तो तिथला ब्रुअर निघाला, आणि डोंबिवलीचा. "काका, कसं ओळखलंत? धणे आणि संत्र्याची साल."

"भाजलेले नाय पण."

"नाही, नुसते भरडतो."

"थोडे भाजून बघा," आतोबा म्हणाले. आपल्याकडे धण्यांबद्दल मत नसलेला माणूस जन्माला यायचा आहे.

मग मला कोणी विचारेना. पोरगं त्यांना टाक्या दाखवायला घेऊन गेलं. आतोबा चकचकीत स्टीलवर थाप मारत एकेक खातं समजून घेत होते. भरडलेलं माल्ट पासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. मग हॉप्स घालून उकळायचं. मग थंड करून यीस्ट सोडायचं. तिथून पुढे आठ-पंधरा दिवस माणसाला काम नाही.

"म्हणजे रात्रपाळी यीस्टाची."

"हो काका."

"आणि ता संपावर गेला तर?"

"जातं कधी कधी. थंडी वाढली की तळाला जाऊन बसतं."

"आम्ही गिरणीच्या गेटावर बसललो. अठरा जानेवारी ब्याऐंशी." आतोबांनी टाकीच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. "मगे काय करतास?"

"थोडं गरम करतो, हलवतो. पुन्हा लागतं कामाला."

"आमका कोण हलवूक इलो नाय," आतोबा म्हणाले, आणि लगेच चोथ्याचं काय करता ते विचारलं. चोथा गुरांना जातो म्हटल्यावर, गावाकडच्या आपल्या म्हशी सुक्या पेंडीवर वाया गेल्या याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

बिल मी दिलं. आतोबांनी ते चष्मा लावून वाचलं, सेवाशुल्काच्या ओळीवर बोट ठेवलं, ब्रुअर पोराकडे बघून हसले आणि जाऊ दिलं.

परतताना त्यांचे पाय आपोआप मसाला गल्लीत वळले. डंक धडधडत होते, मिरचीच्या खकाण्याने मी शिंकून शिंकून बेजार. ओळखीच्या दुकानासमोर थांबून आतोबा म्हणाले, "धणे दे रे. भाजू नको हां, बियरमध्ये घालूचे आसत."

दुकानदाराने मापातून मान वर केली नाही.

"किती किलोची करताय?"