शुक्रवारचा खेळ

अहो वहिनी, ऐकलंत का त्या ‘फिडलर ऑन द रूफ’वाल्यांचं? जरा अशा कुंपणाजवळ या, डायरेक्टरसाहेबांच्या किचनची खिडकी उघडी आहे.

पहिला खेळ ठेवला कधी, तर शुक्रवारी रात्री! नाटक ज्यू कुटुंबाचं, तो दूधवाला तेव्ह्या पहिल्या गाण्यापासून परंपरा-परंपरा करत नाचतोय, आणि यांचा खेळ ऐन शब्बाथला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या १८ मिनिटं आधी मेणबत्त्या लागल्या, की मग गाडी नाही, पैशाला हात नाही. ज्या कोपऱ्यावरच्या ज्यू आजींनी महिनाभर यांना शिकवलं, त्याच येणार कशा? आजी शांतपणे म्हणाल्या, “फ्रायडे? मी घरी असते.” डायरेक्टरचं तोंड असं उतरलं म्हणून सांगू! हॉल बुक, तिकिटं गेलेली. शेवटी रविवारी दुपारचा जादा खेळ लावला.

त्यात ती येन्टे आहे ना, लग्नं जुळवणारी? गावभर नाक खुपसत फिरते मेली. मला नाही बाई असल्या बायका खपत.

तर काय सांगत होते... हां, मेणबत्त्या. आजींना रिहर्सलला सोडायला मीच जायचे ना, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. तेव्ह्याची बायको गोल्डे झालीय ती लाल गाडीवाली. मेणबत्त्या लावल्या, हात ओवाळले, डोळे झाकले, सगळं छान. आणि सीन संपल्याबरोबर बाईनं फू करून दोन्ही विझवल्या! वाढदिवसाच्या केकवर मारतात तशी फुंकर. आजींचा चेहरा पांढराफटक. अहो, आपण तरी निरांजनाला फुंकर घालतो का? माझ्या तोंडून “अगं अगं!” निघूनच गेलं. तर मागून आवाज, “असू द्या हो, नाटकातल्या आहेत.” मराठीत! बघते तर कपडेपटातल्या बाई, टोप्या शिवत बसलेल्या. अलिबागकडच्या निघाल्या, बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू. यांचे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. मलिद्याचे पोहे कसे भिजवायचे इथपर्यंत गप्पा गेल्या आमच्या. शुक्रवारच्या खेळाचं निघालं तशा फिस्सकन हसल्या, “आमचे आजोबा-पणजोबा दर आठवड्याला एका दिवसाच्या तेलावर पाणी सोडायचे. यांना तिकिटं सोडवेनात.”

रविवारी आजी पहिल्या रांगेत. तिसरी मुलगी, छावा, ती धर्माबाहेर लग्न करून जाते तेव्हा पलीकडच्यांचे डोळे नुसते वाहत होते. त्यांच्या धाकटीचं माहितीये ना तुम्हाला... जाऊ दे, तो वेगळा विषय.

खरी गंमत त्याआधी, नाटकातल्या थोरलीच्या लग्नात. टोपीवर बाटली ठेवून पुरुष नाचतात तो नाच. १९६४ साली ब्रॉडवेवर जेरोम रॉबिन्सनं बसवला, तेव्हा खरा तोल सांभाळून करायचे. यांनी छातीठोकपणे सांगितलेलं, आम्हीही तसंच करतोय. गुडघ्यावर बसून सरकताना शेवटच्या गड्याची टोपी घसरली, सरळ आजींच्या पायाशी. आणि बाटली? टोपीला चिकटलेली! वेल्क्रो हो, वेल्क्रो! आजींना हसून हसून ठसका लागला. डायरेक्टर विंगेत कपाळाला हात लावून.

मी वळून कपडेपटातल्या बाईंकडे पाहिलं. त्या मान ताठ करून म्हणतात कशा, “टोपी पडली, बाटली नाही. शिवण माझी आहे.”