एकतीस अंशांचे काका

भिंतीपलीकडे जवळजवळ दोन टीएमसी पाणी आणि भिंतीअलीकडे पाण्याच्या एका थेंबाला घाबरणारा गृहस्थ, असा योग खडकवासल्यातच जुळून येतो. काकांची सगळी नोकरी पाण्यात गेली, म्हणजे इथल्याच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत धरणांची, बंदरांची, नद्यांची लहान मॉडेलं उभी करतात, त्यांत पाणी सोडतात आणि खरं बांधकाम कसं वागेल ते आधीच बघून घेतात. अशा माणसाने निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जावं आणि संध्याकाळी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर मतं द्यावीत. काकांनी चॉकलेट करायला घेतलं.

मुळात क्लास काकूंनी लावला होता. कंपाउंडच्या लाद्या आणायच्या, वितळवायच्या, बदामाच्या नि शंखाच्या साच्यांत ओतायच्या, वर रंगीत चांदी गुंडाळायची. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर मारली की साच्यांपासून खोक्यांपर्यंत सगळं मिळतं. काकूंची चॉकलेटं दिवाळीच्या फराळाबरोबर घरोघर जायची, लोक ‘छान झालीत हो’ म्हणायचे आणि विषय संपायचा. एके दिवशी काकांनी चष्मा लावून लादीच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचला. कंपाउंडमध्ये कोको बटर नसतं, त्याऐवजी वनस्पतीची चरबी असते! ‘अगं, इतकी वर्षं आपण लोकांना डालडा वाटतोय!’ असं ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून काकूंचं स्वयंपाकघर गेलं.

कंपाउंड बिचारं गुणी असतं. वितळवा, ओता, थंड झालं की काम झालं. खऱ्या चॉकलेटचे नखरे फार. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठतं आणि त्यातली एकच, पाचवी, आपल्याला हवी असते. तिच्यामुळे चकाकी येते आणि तुकडा कट्‌कन मोडतो. त्यासाठी डार्क चॉकलेट आधी पंचेचाळीस अंशांच्या पुढे न्यायचं, मग अठ्ठावीसच्या आसपास उतरवायचं आणि पुन्हा एकतीस-बत्तीसवर आणून तिथेच धरून ठेवायचं. ही माहिती कळली तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही, असं काकू सांगतात.

चॉकलेटच्या दिवशी त्या घरात कुकर लावायला बंदी. वाफ नको! वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेंबभर पाणी गेलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पातेलंभर मालाचा रेताड गोळा होतो. त्यामुळे चहा नाही, आमटी नाही, हात धुऊन आलेल्याला पुसल्याशिवाय प्रवेश नाही. फ्रिजमधून लसणाची चटणी हद्दपार, कारण कोको बटर वास ओढून घेतं. ‘अहो, मग जेवायचं काय?’ या प्रश्नावर काका थर्मामीटर दाखवतात. काकू पर्स उचलून धरणाच्या चौपाटीवर जातात आणि कांदाभजी, भाजलेलं कणीस असं दुपारचं जेवण निवांत उरकून येतात. हल्ली त्याच विचारतात, ‘पुन्हा कधी करताय?’

भेट द्यायची ती नाताळात, दिवाळीत नाही. धर्माचा प्रश्न नाही, हवेचा आहे. ऑक्टोबरात पुण्याचा पारा बत्तिशीला टेकतो, आणि तेवढ्यात कोको बटर गळाठायला लागतं. दिवाळीची तारीखच चुकीची आहे, असं काकांचं मत आहे. डिसेंबरात मात्र पाण्यावरून गार वारा येतो आणि काका बार्क घालतात. बार्क म्हणजे चॉकलेट कागदावर पातळ पसरायचं, वर सुका मेवा, गुलाबपाकळ्या, संत्र्याची साखरेत मुरवलेली साल लावायची आणि गोठल्यावर तोडायचं. इतरांनी सुका मेवा भुरभुरावा. काकांनी गेल्या वर्षी मुठेचं खोरं केलं! पांढऱ्या चॉकलेटची नदी, काठाला पिस्त्याचे काप, सिंहगडाच्या जागी अक्रोड, आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर म्हणून चार काजू. आधी चहाच्या बशीत मॉडेल करून पाहिलं होतं, हे सांगायला नकोच.

मग तोडायची वेळ आली. बार्क वेडीवाकडीच तुटली पाहिजे, तीच तिची शोभा. पण धरणाला तडा जाऊ नये म्हणून पगार घेतलेल्या माणसाने चार धरणांवर बत्ता कसा घालावा? आदल्या वर्षी त्यांनी पट्टी लावून चौकोन पाडले होते, ते थेट शंकरपाळ्यांसारखे दिसले. शेवटी बत्ता काकूंनी घातला, आणि मला वाटतं, त्यात अनेक वर्षांचा हिशेब होता. पानशेत उडून सोफ्याखाली गेलं. शेजारच्या आजींनी खरं पानशेत फुटून आलेला १२ जुलै १९६१ चा पूर डोळ्यांनी पाहिलेला. त्यांना ही गंमत अजिबात आवडली नाही. वरच्या मजल्यावरच्यांना टेमघर मिळालं. सिंहगड आमच्याकडे आला.

डब्यात छापील पत्रक असतं. फ्रिजमध्ये ठेवू नये, वर पांढुरका थर दिसल्यास बुरशी समजू नये, चावू नये, जिभेवर विरघळू द्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. ‘मोडताना आवाज आला का? कट् आला की फस्?’ नुसतं ‘छान होतं’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. डबा रिकामा परत द्यायचा नाही या आपल्या रीतीने तर त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. संक्रांतीला कुणी त्यात तिळाची वडी घालून देतं, कुणी लसूण घातलेला चिवडा. मग ते डबे उघडे करून गच्चीत उन्हात ठेवतात आणि रोज हुंगून बघतात.

चॉकलेट अप्रतिम असतं, हे इथे लिहायलाच हवं. दिवाळीत मात्र काकू अजूनही कंपाउंडच्याच लाद्या आणतात, शंखाच्या साच्यात ओततात, आणि सोसायटीतली पोरं दारात येऊन तीच मागतात.