इतिहास बांधून द्या

एखादं सॉफ्टवेअर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जायचं ठरलं, की सुपूर्द करायच्या गोष्टींच्या यादीत एक कलम हमखास असतं : 'सोर्स कोड, संपूर्ण हिस्ट्रीसह'. यादी करणाऱ्याला त्यात नेमकं काय हाती लागणार याची कल्पना नसते, आणि देणाऱ्यानेही ते आजवर सलग वाचलेलं नसतं. वर्षानुवर्षं त्यात रोज भर पडत असते. वाचायची वेळ येते ती निरोपाच्या आठवड्यात.

कृती अगदी किरकोळ आहे. काळी खिडकी उघडायची, 'गिट लॉग' असं लिहायचं, पुढे शाळेत 'पेक्षा मोठे' म्हणून शिकवलेलं चिन्ह, त्यापुढे फाइलीचं नाव, आणि एंटर. बस्स. पाच-सात वर्षांची भांडणं, रात्रपाळ्या आणि पराक्रम डोळ्याचं पातं लवायच्या आत फाइलीत जाऊन बसतात. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, ताजी गोष्ट आधी सांगतो. मुळापासून ऐकायची असेल तर '--रिव्हर्स' जोडावं लागतं. मी ते जोडतो आणि चहा घेऊन बसतो.

पहिली नोंद सगळीकडे सारखीच असते : 'इनिशियल कमिट'. पहिले काही दिवस भाषा सभ्य, वाक्यं पूर्ण. मग पहिली डेडलाइन येते आणि गद्याला गळती लागते. 'फिक्स'. 'फिक्स टू'. 'फायनल फिक्स'. त्यानंतर वीस मिनिटांनी 'फायनल फिक्स, खरंच'. मध्येच कुणीतरी रोमन लिपीत 'आता तरी चाल बाबा' असा नवस बोललेला असतो. त्याच्या पुढच्या नोंदीवरून नवस फेडायची वेळ आली नव्हती हे कळतं.

आपल्याकडे इतिहासाची दोन घराणी आहेत, बखरीचं आणि शकावलीचं. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीला आणलेली जेधे शकावली पाहावी : तिथी, घटना, संपलं. राजे जन्मले, गड घेतला, अमका वारला. कुणाला काय वाटलं, कोण रडलं, चकार शब्द नाही. सभासदाने मात्र बखर लिहिली ती सगळं होऊन गेल्यावर, जिंजीत बसून, म्हणून तिला ओघ आहे, संवाद आहेत. गिटचा लॉग जन्माने शकावलीच्या घराण्यातला. पण त्याला बखरीची हौस असते. चौदा नोंदींत आपटत-धडपडत केलेलं काम वरिष्ठांना दाखवण्याआधी 'स्क्वॉश' करून एकाच नोंदीत बसवायची सोय त्यात आहे. मग वाचणाऱ्याला दिसतं : 'लॉगिनची सोय केली.' जणू सकाळी उठून, तोंड धुऊन, पहिल्याच झटक्यात केली. धडपडीची खरी नोंद रिफ्लॉग नावाच्या खासगी वहीत असते. ती ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवरच राहते, बहुतेक नोंदी ९० दिवसांत आपोआप पुसल्या जातात, आणि 'संपूर्ण हिस्ट्री' मागणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

तरी शकावलीला जे कळतं ते बखरीला कळत नाही. गिट प्रत्येक नोंदीशी वेळ लिहून ठेवतो, तीही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि शेजारी लिहिणाऱ्याच्या घड्याळाचा पत्ता : +०५३०. पानंच्या पानं +०५३० वाचत जावं, आणि एका वर्षीच्या डिसेंबरात एकाच नावापुढे अचानक −०६०० यावं. मार्चमध्ये ते −०५०० होतं, नोव्हेंबरात पुन्हा −०६००. म्हणजे आमचा सहकारी टेक्सासला गेला, आणि तिथे घड्याळं पुढेमागे करायला शिकला. निरोपसमारंभ, केक, विमानतळावरचे फोटो यांतलं काहीही लॉगमध्ये नाही. फक्त साडेअकरा तासांची उडी आहे. आणखी दोन वर्षांनी मे महिन्यात तीन आठवडे पुन्हा +०५३०. सुट्टीवर घरी आला असावा. आईने 'इथे येऊनही लॅपटॉपच?' असं विचारलं असणार, पण त्याची नोंद ठेवणारी प्रणाली अजून निघायची आहे.

नावांचा घोळ हा वेगळाच अध्याय. कुणी किती नोंदी केल्या हे 'गिट शॉर्टलॉग' सांगतो. त्याच्या म्हणण्यानुसार आमच्या प्रकल्पातल्या मोजक्या कर्तबगार मंडळींपैकी एक म्हणजे श्री. रूट. हा माणूस कधी जेवायला आलेला कुणी पाहिलेला नाही. सर्व्हरवर थेट शिरून, आपलं नाव न सांगता कुणी दुरुस्ती केली की ती रूटच्या नावावर जमा होते. बाकीचेही एकेकाचे तीन-तीन अवतार : ऑफिसच्या लॅपटॉपवर पूर्ण नाव, घरच्या लॅपटॉपवर टोपणनाव, तिसरीकडे नुसतंच आडनाव. एका सहकारिणीचं लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललं, तेव्हा गिटच्या दृष्टीने एक बाई नाहीशी झाली आणि दुसरी कामात तरबेज अशीच अवतरली. यावर 'मेलमॅप' नावाची साधी फाइल असते. कोण म्हणजे कोण, हे तिच्यात ओळीने लिहायचं. ती करायला बसलं की कळतं, अर्धी माहिती फक्त एकाच माणसाच्या डोक्यात आहे, आणि तो टेक्सासला आहे.

एखादी ओळ कुणी लिहिली हे शोधणाऱ्या हुकमाचं नाव 'गिट ब्लेम'. सबव्हर्जन या आधीच्या प्रणालीत हेच काम 'ब्लेम' लिहूनही होतं आणि 'प्रेज' लिहूनही होतं. दोन्हींचं उत्तर एकच. 'प्रेज' वापरणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

आता इतिहास सोबत न्यावा तरी किती? ज्याने गिट लिहिलं त्या लिनस टोरवाल्ड्सने याचं उत्तर २००५च्या एप्रिलमध्ये देऊन टाकलं आहे. बिटकीपर ही प्रणाली फुकट वापरायची मुभा गेली, म्हणून त्याने त्या महिन्यात गिट उभं केलं, आणि १६ एप्रिलला लिनक्सचा कोड त्यात आणून ठेवला. लिनक्सचं वय तेव्हा चौदाच्या आसपास. जुना इतिहास होता, हाताशी होता, पण गिटमध्ये आणला तर ३.२ जीबी होईल, एवढं ओझं सुरुवातीलाच कशाला, पुढे वाटलं तर वेगळा संग्रह करू, असं त्याने त्या पहिल्याच नोंदीत लिहून ठेवलं. परिणाम असा, की लिनक्समधल्या एखाद्या पुराण्या ओळीला आज 'ब्लेम' विचारलं, तर माग त्या दिवशी जाऊन भिंतीला थडकतो आणि सगळं लिनसच्या नावावर निघतं. जुना इतिहास मग इतरांनी खपून वेगळा बांधला. हवा असेल त्याने तो जोडून घ्यावा.

पायथॉनवाल्यांनी उलट केलं. त्यांनी १९९० पासूनचा संसार सीव्हीएस, सबव्हर्जन, मर्क्युरिअल आणि २०१७ मध्ये गिट, असा प्रत्येक घरी उचलून नेला. मला स्वतःला हा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो. मात्र लिनसचा मार्ग एका दुपारी उरकतो, हेही नाकारता येत नाही.

बांधून न्यायचंच असेल तर 'गिट बंडल' आहे. सगळा इतिहास एका फाइलीत, पेन ड्राइव्हवर टाका आणि चालू लागा. दुसरी प्रणाली गाठायची असेल तर 'फास्ट-एक्स्पोर्ट' आहे. तो पहिल्या दिवसापासून सगळं ओळीने सांगत सुटतो : ही फाइल, ही तिची खूण, ही नोंद, हा लेखक, हा त्याचा निरोप, निरोपाची लांबी इतके बाइट. फायलींची नावं मराठी ठेवली असतील तर ती '३४०, २४४' अशा आकड्यांत दिसतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर गिटला ३४० पासून सुरू होणारं त्रिकूट वाटतं. नुसता लॉग पाहताना 'कोअर.कोटपाथ' बंद केलं की अक्षरं परततात.

याच फास्ट-एक्स्पोर्टला '--अनॉनिमाइझ' अशी एक जोड आहे. गिटमधलाच दोष तज्ज्ञांना दाखवायचा आहे, पण आपला कोड दाखवायचा नाही, अशा वेळी ती कामी येते. नावं, निरोप, मजकूर, फायलींची नावं सगळं पुसलं जातं आणि इतिहासाचा सांगाडा तेवढा उरतो. लेखक 'यूझर ०', 'यूझर १' असे बिनचेहऱ्याचे होतात. पण वेळा आणि घड्याळाचे पत्ते तसेच राहतात. त्यामुळे डिसेंबरात −०६०० वर गेलेला 'यूझर ४' कोण, हे आमच्या मजल्यावरचा शिपाईसुद्धा सांगेल.

कुणी, कधी, काय, एवढं सगळं मिळतं. का, ते सहसा नाही. ते फोनवर ठरलं, जिन्यात ठरलं, चहाच्या टपरीवर ठरलं. म्हणून त्या अख्ख्या फाइलीत मला एकच नोंद मोलाची वाटली. पहिलीच ओळ लांबलचक, लिहिणाऱ्याने दम न घेता लिहिलेली : 'रात्री बारानंतर बिलं करणाऱ्या दुकानांसाठी तारीख एक दिवस मागे धरली आहे, चूक वाटेल पण चूक नाही, ग्राहकाने फोनवर सांगितलं, हिशोब त्यांचा असाच चालतो, काढू नका, दिवाळीत नक्की विचारतील.' लेखक : श्री. रूट.

समोरच्या व्यवस्थापकांना बंडल पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "सर, हे एक्सेलमध्ये मिळेल का?" मिळतं. '--प्रेटी=फॉरमॅट' लावून तारीख, नाव आणि निरोप यांच्यामध्ये स्वल्पविराम घालायचे, एक्सेल रकाने पाडतं. निरोपात आधीच स्वल्पविराम असतील तर त्यांना अवतरणात घालायची तसदी गिट घेत नाही. पण असले निरोप लिहितो कोण? 'फिक्स' मध्ये स्वल्पविराम नसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. फाइल मिळाली, छान आहे, रकाने व्यवस्थित आहेत. फक्त एक ओळ बिघडलेली दिसते, पार उजवीकडे वाहत गेली आहे. "सर, तेवढी काढून परत पाठवता का?"